सोळा जणांचा सोळावा नंबर

लिफ्ट बसवायला काय काय लागतं, असं कोणी विचारलं तर मी हल्ली सगळ्यात आधी महिरपी कंस सांगतो. खड्डा, तार, मोटर हे सगळं नंतर. विचारणारा माणूस जरा काळजीने माझ्याकडे बघतो आणि मग नीरजाकडे बघतो. नीरजा म्हणजे आमची ही. ती शांतपणे सांगते की हो, जूनपासून यांचं असंच चाललंय.

आमची ‘सुप्रभा’ सोसायटी पुण्यात सहकारनगरात आहे. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकी चार फ्लॅट, एकूण सोळा. बांधली तेव्हा सगळे सभासद पस्तिशीचे होते आणि जिने चढणं तब्येतीला चांगलं असतं असं एकमेकांना सांगायचे. तीच मंडळी आता सभेत अर्धा तास गुडघ्यांवर बोलतात आणि अर्धा तास पाण्याच्या टाकीवर. मी सेक्रेटरी आहे. हे पद आमच्याकडे निवडणुकीने मिळत नाही. ज्या सभेला तुम्ही उशिरा पोचता, त्या सभेत ते तुम्हाला मिळालेलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर सोळा नंबरात द्वारकाबाई राहतात. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, सोसायटीतल्या निम्म्या पोरांना पाढे त्यांनीच पाठ करून घेतले. दोन्ही गुडघे गेले आणि गेल्या संक्रांतीपासून त्या आपल्या पायांनी खाली उतरलेल्या नाहीत. भाजी दोरीच्या पिशवीतून वर जाते, पेपर तसाच जातो. मधे एकदा दात दुखला म्हणून दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. जिन्यात वळणावर खुर्ची अडकली. त्या दिवसापासून त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडेही जाणं बंद केलं. “मी काही कपाट नाही, रंगनाथराव,” एवढंच म्हणाल्या. मला त्या वाक्याची लाज वाटली आणि मी एप्रिलच्या सभेत, कोणी विचारलेलं नसताना, वर्षाच्या आत लिफ्ट बसवून दाखवतो असं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे टाळ्या वाजवल्या की काम करायची जबाबदारी संपते.

लिफ्टच्या कंपनीचा माणूस येऊन जिना मोजून गेला. जाताना म्हणाला, “तीस जूनपर्यंत सगळ्यांचं संमतीपत्र द्या. नाहीतर तुमचा नंबर पुढच्या वर्षी.” आमच्या नियमावलीत कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय की इमारतीत मोठा बदल करायचा तर सोळाच्या सोळा सह्या हव्यात. सोळांपैकी एक सुदर्शन टोरांटोला, एक नागपूरला, आणि बाकीचे इथेच असले तरी सही मागायला गेलं की आंघोळीला गेलेले असतात.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा सलिल भेटला. चाळिशीचा, खराडीला मोठ्या कंपनीत आहे, म्हणजे देहाने घरी असतो आणि मनाने कॉलवर.

“काका, कागद कशाला फिरवताय? ई-साइन करा ना. सगळ्यांना मेल जाईल, मोबाइलवर बोटानं सही, डन. तुम्ही फक्त डॉक्युमेंटमध्ये टेक्स्ट टॅग टाका.”

“ते काय असतं?”

“सिंपल आहे. जिथं सही पाहिजे तिथं दोन कर्ली ब्रॅकेट टाइप करायचे, आत सही असा शब्द, मग सही करणाऱ्याचा नंबर, परत दोन कर्ली ब्रॅकेट. सिस्टिम ते वाचते आणि त्या जागी सहीची चौकट तयार करते. टॅग पांढऱ्या रंगात ठेवा, म्हणजे कागदावर दिसणार नाही. एक मिनिट हं, कॉल येतोय.”

ते एक मिनिट तीन आठवडे चाललं. कर्ली ब्रॅकेट म्हणजे शाळेतला महिरपी कंस, हे मला नीरजाने सांगितलं. मी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे माझ्या हातून कधी काही उडालं नाही, तेव्हा दोन कंसांना मी काय भिणार, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी मी संमतीपत्र लिहिलं. भाषा अशी की मसुदा वाचताना मला स्वतःलाच आदर वाटला. खाली सोळा नावं, प्रत्येक नावापुढे महिरपी कंसातला टॅग. मग टॅग निवडून त्यांना पांढरा रंग दिला. माउस थोडा वर सरकला असणार. मी ‘पाठवा’ दाबलं आणि चहा घ्यायला गेलो.

परत आलो तोवर सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा मेसेज होते. माझ्या हातून टॅगबरोबर संमतीपत्राचा सगळा मजकूरही पांढरा झाला होता. सभासदांना एक स्वच्छ कोरा कागद मिळाला होता, ज्याच्या तळाशी त्यांचं नाव आणि ‘इथे सही करा’ अशी पिवळी चौकट होती.

अध्यक्ष आप्पासाहेब तळमजल्यावर एक नंबरात राहतात. निवृत्त उपअभियंता, आणि निवृत्त झाल्याचं अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही. त्यांनी मला फोन केला नाही. माझं दार त्यांच्या दारापासून बत्तीस पावलांवर आहे, पण त्यांनी सूचनाफलक वापरला. ‘सेक्रेटरींनी सभासदांकडे कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या आहेत. का, ते त्यांनाच माहीत. सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर सही करावी.’ खाली तारीख, वेळ आणि सही. फलकावर सही ते बिनदिक्कत करतात.

मी शेजारी खुलासा लावला. ‘कागद कोरा नसून मजकूर पांढरा आहे.’ हे वाक्य माझ्या मते पूर्णपणे खरं होतं. पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाई ते दोनदा वाचून मला म्हणाल्या, “रंगनाथराव, अहो तुमचं वय झालं असं आम्ही म्हणत नाही. पण नीरजाताईंना जरा लक्ष ठेवायला सांगा.”

दहा नंबरातले दत्तप्रसाद वकील नाहीत, वकिलाचे मेहुणे आहेत. सल्ला ते त्याच अधिकाराने देतात. “कोऱ्या कागदावर सही मागणं गुन्ह्यात बसतं की नाही ते मी मेव्हण्यांना विचारून सांगतो. पण तोवर आपण कुठं बाहेरगावी जाऊ नका,” असं म्हणून ते माझ्याच घरचा चहा पिऊन गेले.

दुसऱ्या खेपेला मी मजकूर काळा केला, टॅग पांढरे ठेवले आणि सावधगिरी म्हणून टॅगची अक्षरं बारीक केली, इतकी की चुकून दिसलीच तरी वाचता येऊ नयेत. तेव्हा कळलं की टॅग जेवढा, तेवढीच सहीची चौकट. सभासदांना सही करायला साधारण साबुदाण्याएवढी जागा मिळाली. आप्पासाहेबांनी ती मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करत करत शेवटी मोबाइलच बंद पाडला. मग त्यांच्यासाठी मी टॅग ठळक आणि मोठा केला. ते बघून दत्तप्रसाद म्हणाले की सहकारात सगळे समान असतात, मग अध्यक्षांची चौकट मोठी का. सगळ्यांच्या चौकटी समान करण्यात बुधवार गेला.

इथवर झालं ते मी तांत्रिक अडचणी या सदरात घालतो. खरी अडचण नंबरात होती. कोणाची सही कितवी, ते टॅगमधल्या नंबरावरून ठरतं. एक नंबरवाल्याने सही केली की दोन नंबरवाल्याला मेल जातो, मग तीन, असं सोळापर्यंत. मी फ्लॅटप्रमाणे नंबर दिले आणि पहिला मेल एक नंबरात गेला. तो तिथेच राहिला.

“अध्यक्षांची सही शेवटी असते,” आप्पासाहेब म्हणाले. “सगळ्यांच्या झाल्या की मी बघून करीन.”

मी दत्तप्रसादांकडे गेलो. “माझी काहीच हरकत नाही, आधी इतरांची होऊ द्या. प्रकरण उलटलं तर पहिल्या सहीवाल्याला पहिला बोलावतात.”

“कुठे बोलावतात?”

“कुठेही.”

वेणूबाईंचं कारण निदान अनुभवाचं होतं. “पाण्याच्या टाकीच्या वेळी आमच्या यांनी पहिली सही केली होती. टाकी अजून गळतेय आणि गळाली की लोक आमच्या दाराकडे बघतात. यावेळी सगळ्यांची होऊ द्या, मग आम्ही आहोतच.”

टोरांटोहून सुदर्शनने कळवलं की तिथले सगळे झाले की मला पाठवा, मी दोन मिनिटांत करतो. सलिलने कॉलवरून मेसेज टाकला, ‘काका, मला लास्टला ठेवा प्लीज.’ नागपूरकरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत.

आमच्या सोसायटीत कधी कोणी कशाला विरोध केलेला नाही, हे मी अभिमानाने सांगतो. इमारतीला रंग द्यायला नऊ वर्षं लागली, त्यातही विरोध कोणाचाच नव्हता. सगळे एकमेकांसाठी थांबले होते. ‘सगळ्यांची होऊ द्या’ हे आमच्याकडे नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे, आणि ते इतकं सभ्य आहे की म्हणणाऱ्यालाही आपण नाही म्हटल्याचं कळत नाही.

सव्वीस तारीख उजाडली. मला चार दिवस राहिले होते आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीची पिशवी खाली येताना दिसली की मी मान खाली घालून आत जायला लागलो होतो. अशा वेळी माणूस आपल्या जुन्या धंद्याची बुद्धी वापरतो. स्टोअरमध्ये सोळा जणांनी एकच वस्तू मागितली तर सोळा ओळींत एकच क्रमांक लिहायचा, हा तेहतीस वर्षांचा शिरस्ता. इथे सगळ्यांना शेवटचा नंबर हवा होता. मी सोळाही टॅगमध्ये सोळा लिहिलं. कोणी पहिला नाही, कोणी मधला नाही, सगळे शेवटचे. इतका न्याय सोसायटीत यापूर्वी झाला नव्हता.

पाठवताना सिस्टिमने विचारलं, ‘सही करणारे : एक. बाकीच्यांना माहितीसाठी प्रत. पुढे जायचे?’ एक म्हणजे एक संमतीपत्र असेल, असं समजून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाही घरांत मेल आला. ‘सर्व सह्या पूर्ण झाल्या आहेत.’ मी तो नीरजाला मोठ्याने वाचून दाखवला. दहा मिनिटं मी फार सुखात होतो. नीरजाने नुसतं “उघडून बघितलंत का?” असं विचारलं आणि ते सुख संपलं.

एका नंबराचा एकच माणूस असतो, एवढं सिस्टिमला कळत होतं. यादीत सोळाव्या क्रमांकावर द्वारकाबाई होत्या. आप्पासाहेबांच्या नावापुढे ‘द्वारका’. दत्तप्रसादांच्या नावापुढे ‘द्वारका’. सुदर्शन, सलिल, वेणूबाईंचे यजमान आणि खुद्द मी, सगळ्यांपुढे त्याच ठसठशीत, गोल अक्षरात ‘द्वारका’. प्रगतिपुस्तकावर असते तशी, खाली रेघ मारलेली.

नऊ वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. तिला चौदा जण आले. लिफ्टच्या सभेला सहा आले होते.

“हे बनावट सह्यांचं प्रकरण आहे,” दत्तप्रसाद खूश होऊन म्हणाले. “मेव्हण्यांना मी फोन लावलेला आहे.”

“माझ्या नावापुढे दुसऱ्याची सही,” आप्पासाहेब म्हणाले. “चाळीस वर्षांच्या नोकरीत हे घडलं नाही. बाईंना खाली बोलवा. त्यांनी सभेपुढे खुलासा करावा.”

मग वेणूबाई म्हणाल्या, “त्या खाली येऊ शकत नाहीत, आप्पासाहेब. त्याचसाठी चाललंय ना हे सगळं.”

आप्पासाहेबांनी जिन्याकडे बघितलं. ‘तळमजल्यावाल्याला लिफ्टचा काय उपयोग’ हे ते एप्रिलपासून ऐकवत होते, आणि त्यात तथ्य होतं, कारण ते स्वतः कित्येक वर्षांत पहिल्या मजल्याच्या वर गेले नव्हते. पण तत्त्वाचा प्रश्न होता. “मग सभा वर जाईल,” ते म्हणाले.

चोपन्न पायऱ्या आहेत. पहिल्या मजल्यापर्यंत सभेत बोलणं चालू होतं. पुढे नुसता श्वासांचा आवाज यायला लागला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आप्पासाहेब थांबले आणि भिंतीवरची विजेची मीटर फार बारकाईने वाचू लागले. चारही मीटर त्यांनी दोनदा वाचली. दत्तप्रसादांचा मेहुण्यांना लागलेला फोन कट झाला, कारण त्यांना बोलता येईना. मी सगळ्यांच्या मागे होतो, हातात संमतीपत्राची प्रिंट घेऊन. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. माझ्या चुकीमुळे त्या बाईंना चौदा लोकांपुढे उभं राहावं लागणार होतं, आणि त्यांना तर नीट उभंही राहता येत नव्हतं.

“या, दार उघडंच आहे,” द्वारकाबाई आतून म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या. “तांब्यात पाणी आहे. बोलणं मग करू.”

पाण्यासाठी मात्र कोणी ‘सगळ्यांचं होऊ द्या’ म्हटलं नाही. आप्पासाहेबांनी उभ्या उभ्या दोन भांडी रिकामी केली आणि सतरंजीवर बसले. तिथे सगळ्यांना सतरंजीवरच बसावं लागलं. वयाने सत्तरीची माणसं मांडी घालून ओळीत बसली आणि कोणाच्या सांगण्याशिवाय गप्प झाली.

“पहिली सही केली,” द्वारकाबाई सांगू लागल्या, “तर म्हणे अजून पंधरा बाकी. मला वाटलं, वळणदार आली नाही म्हणून परत मागतात. दुसरी केली, तिसरी केली. पाचवीला वरची नावं वाचली.”

“मग तेव्हा थांबायचं होतं,” दत्तप्रसाद म्हणाले.

“थांबलेलीच आहे की मी. संक्रांतीपासून.” त्यांनी आवाज चढवला नाही. “दोरी सोडायला बाल्कनीत येते तेव्हा खालचं बोलणं सगळं ऐकू येतं. सगळ्यांची होऊ द्या, सगळ्यांची होऊ द्या. म्हटलं, होऊन जाऊ देत एकदाच्या. चुकलं असेल तर चुकलं. रंगनाथराव, ती प्रिंट द्या इकडे.”

मी दिली. त्यांनी ती स्टुलावर पसरली आणि त्यावर एक लाल पेन ठेवलं.

“ज्याला लिफ्ट नकोय त्यानं यावं आणि आपल्या नावापुढची माझी सही खोडावी. मी कोणाला काही म्हणणार नाही.”

चौदा माणसं त्या पेनाकडे बघत बसली. दत्तप्रसाद थोडे पुढे सरकले आणि थांबले.

“माझी खोडायला हरकत नाही,” ते म्हणाले. “पण आधी इतरांनी...”

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे बघितलं. आप्पासाहेबांनी घसा साफ केला. “अध्यक्ष शेवटी खोडतो,” ते म्हणाले.

एवढा वेळ मी गप्प होतो. आता मात्र मला राग आला, आणि राग आला की मी मोठ्याने न बोलता भरभर बोलतो. मी म्हणालो की नऊ वर्षं आपण रंगासाठी थांबलो, तेव्हा भिंत थांबली होती. इथे माणूस थांबलंय. खोडायचं असेल तर खोडा, नाहीतर करा सही, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघणं बंद करा. मी आणखीही काहीतरी म्हणालो असणार, कारण नीरजाने माझा सदरा मागून ओढला.

तेव्हा सलिलने मान वर केली. एका कानात कॉल होताच. “काका, सॉरी, पण ऑर्डर कशाला ठेवलीत? नंबर वेगवेगळे द्या आणि खाली तो क्रमाने पाठवा वाला टिक काढून टाका. सगळ्यांना एकदम जातं. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही.”

“हे आपण तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर?”

“तेव्हा मी कॉलवर होतो.”

मी त्याच्याच मोबाइलवर, त्याच सतरंजीवर बसून एक ते सोळा टॅग नीट घातले. टिक काढली. खोलीतले सगळे मोबाइल एकदम वाजले आणि सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. कोण आधी आणि कोण नंतर, कोणाला कळलं नाही. निदान त्या वेळी कळलं नाही. सुदर्शनची सही तासाभरात आली, नागपूरची संध्याकाळी.

अशा कागदाला शेवटी एक पान आपोआप जोडलं जातं, त्यावर कोणी किती वाजून किती सेकंदांनी सही केली ते असतं. पहिल्या ओळीत आप्पासाहेब होते. माझ्या मनात आलं की ते पान फलकावर लावावं, तारीख, वेळ आणि माझ्या सहीसकट. टाचण्याही घेतल्या होत्या. मग चोपन्नावी पायरी चढतानाचा त्यांचा चेहरा आठवला आणि पान फाइलला लावलं. कोऱ्या कागदाची सूचना त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच काढली. माझा खुलासा मात्र अजून तिथे आहे, आणि नवीन भाडेकरू तो वाचून माझ्याकडे जपून बघतात.

लिफ्ट डिसेंबरात लागली. कंपनीचा माणूस चावी देऊन गेला, दाराला झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फुटला. सगळी सोसायटी तळमजल्यावर जमली होती. आता कोणीतरी आत शिरून वर जायचं, एवढंच राहिलं होतं.

“अध्यक्ष, आपण,” वेणूबाई म्हणाल्या.

“नाही नाही, वरच्या मजल्यावाल्यांचा मान,” आप्पासाहेब म्हणाले.

“माझी काही हरकत नाही,” दत्तप्रसाद म्हणाले, “पण दोन-चार जण जाऊन येऊ देत.”

असं बोलणं चाललेलं असताना दारावरचा लाल आकडा आपणहून पेटला. तीन. मग दोन. मग एक. दार सरकलं आणि आत द्वारकाबाई उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पायात संक्रांतीपासून न घातलेल्या चपला. चष्म्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती.

“वर जायचंय का कोणाला?” त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. “मग वाट द्या. मला बुधवार पेठेत चष्मेवाल्याकडे जायचंय. ही काडी वर्षभर दोऱ्यावर चाललीय, सोळाच्या सोळा सह्या याच चष्म्यानं केल्यात मी.”

कोणीही कोणाची वाट न बघता आम्ही सगळे एकदम बाजूला झालो.